मूल नशीब घेऊन येतं, पास कोण आणतं?

"हलकाफुलका कौटुंबिक सिनेमा आहे गं, डोकं बाजूला ठेवून बघ." सिंगापुरातल्या मराठी घरात शनिवारी रात्री चारपाच जोडपी जमली, पावभाजी झाली आणि 'मुंबई-पुणे-मुंबई ३' लावायचं ठरलं की हे वाक्य ठरलेलं. माझी हरकत नाही. डोकं बाजूला ठेवून सिनेमा मीही बघते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी समोर असले की वेळ बरा जातो. माझा पारा चढतो तो सिनेमा संपल्यावर. बाजूला ठेवलेलं डोकं परत घ्यायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही, आणि त्याच अवस्थेत समोरच्या तिशीतल्या मुलीला सल्ले सुरू होतात.

सतीश राजवाडे यांच्या या मालिकेत २०१० साली दोघं पुण्यात भेटली, २०१५ मध्ये त्यांचं लग्न ठरलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात पाळणा हलला. गौरी आणि गौतम आपापल्या कामात रमलेले, मुलाची तयारी नसलेले, आणि नेमकी तेव्हाच गोड बातमी. मग धास्ती, रुसवेफुगवे, दोन्हीकडच्या आईवडिलांचा आनंदीआनंद आणि शेवटी भरून आलेले डोळे. शेवट काय होणार हे आधीच ठाऊक असतं, तरी बघावंसं वाटतं, हे त्या नटांचं यश. सिनेमाशी माझं भांडण एवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच्या आधाराने जे मत मांडलं जातं, त्याच्याशी मिटत नाही.

ते मत असं: बघा, गौरी घाबरली होती ना? काय झालं शेवटी? सगळं जमलंच की! आजकालच्या मुलींना उगाच बाऊ करायची सवय. करिअर कुठे पळून जातं? वय पळून जातं. मूल आपलं नशीब घेऊन येतं. आणि तुम्ही तर सिंगापुरात! सरकार पैसे देतं, घरात मेड मिळते, सासूबाईंना मुंबईत विमानात बसवलं की रात्रीत हजर. एवढं सगळं हाताशी असून मूल नको म्हणजे निव्वळ स्वार्थ.

हे बोलणारे वाईट नसतात. प्रेमाने, बडीशेप चघळत बोलतात. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायचं राहून जातं. आज देऊन टाकू.

पहिला मुद्दा, "गौरीचं जमलं". पटकथाकाराने जमवलं म्हणून जमलं. या जातीच्या सिनेमांची गोष्ट बाळ हातात आलं की आटोपते आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. पहाटे तीनला तिसऱ्यांदा उठलेली बाई सकाळी नऊच्या मीटिंगला कशी बसते, यावर गाणं होत नाही. हॉलिवूडने १९८७ मध्ये 'बेबी बूम' काढला. त्यात डायेन कीटनच्या पदरात अचानक एक तान्ही मुलगी पडते, न्यूयॉर्कमधली बड्या हुद्द्याची नोकरी हातची जाते. मग ती गावी जाऊन बाळांसाठी सफरचंदाचा गर विकते आणि श्रीमंत होते. म्हणजे प्रश्न ऑफिसचा होता आणि उत्तर फळबागेत सापडलं! क्रिती सेनॉनच्या 'मिमी'तही, म्हणजे समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' या मराठी सिनेमाच्या हिंदी अवतारात, नटी व्हायला निघालेली मुलगी शेवटी आई होऊन कृतार्थ. तिच्या नटीपणाचं काय झालं, हे विचारायला कोणी थिएटरात थांबलेलं नसतं. याच मराठीत १९८२ साली जब्बार पटेलांनी 'उंबरठा' केला होता. स्मिता पाटीलची सुलभा मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी धरते, तिची किंमत मोजते आणि सिनेमा त्या किमतीवर पांघरूण घालत नाही. त्याला कोणी हलकाफुलका म्हटलं नाही. आपण चाळीस वर्षांत पुढे आलो म्हणतात. कुठल्या दिशेने, ते विचारू नये.

दुसरा मुद्दा, "सरकार पैसे देतं". देतं. कोणाला देतं, हे बडीशेप चघळणाऱ्यांनी एकदा वाचून घ्यावं. १४ फेब्रुवारी २०२३ पासून जन्मलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या मुलासाठी बेबी बोनसचे रोख ११,००० डॉलर मिळतात, तिसऱ्यापासून १३,०००. मुख्य अट ही की मूल सिंगापूरचं नागरिक हवं. आईबाप दोघांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर मूल इथल्या इस्पितळात जन्मूनही इथलं नागरिक होत नाही. त्याला बोनस नाही, पाळणाघराच्या फीवर सरकारी सवलत नाही. आईला १६ आठवड्यांची सरकारी पगारी रजा नाही. तिला कायद्याने १२ आठवडे मिळतात, त्यांतले ८ पगारी आणि उरलेल्या ४ आठवड्यांचा पगार मालकाच्या मर्जीवर. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे. म्हणजे ज्या मुलीला तुम्ही "तू तर सिंगापुरात" म्हणून हिणवता, तिला तिच्या पुण्यातल्या मावसबहिणीच्या निम्मीसुद्धा रजा मिळत नाही.

बरं, ज्यांना हे सगळं मिळतं त्या इथल्या बायका तरी मुलांवर मुलं काढतायत का? २०२३ मध्ये सिंगापूरचा जननदर ०.९७ वर आला, पहिल्यांदाच एकच्या खाली. लिटल इंडियाला लागून असलेल्या केके हॉस्पिटलात, म्हणजे जुन्या कांडांग करबाऊ इस्पितळात, १९६६ या एका वर्षात ३९,८३५ बाळं जन्मली आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आज साऱ्या देशात मिळून वर्षाला तितकी होत नाहीत. १९७२ पासून सरकारनेच "दोनवर थांबा" असा प्रचार केला. जास्त मुलं झाली तर बाळंतपणाची फी वाढायची, तिसऱ्यापासून पगारी रजा मिळायची नाही, शाळाप्रवेशात मूल मागे पडायचं. १९८३ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात शिकलेल्या बायका लग्नं करत नाहीत, मुलं होऊ देत नाहीत म्हणून जाहीर चिंता केली. १९८७ मध्ये घोषणा उलटली: परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. २००१ पासून रोख बोनस. पन्नास वर्षं एक अत्यंत कार्यक्षम सरकार कधी दंड करून, कधी बक्षीस देऊन बायकांना सांगत आलं आणि बायकांनी आपला हिशोब आपण केला. आता सांगा, एका अख्ख्या देशाच्या बायका एकाच वेळी स्वार्थी झाल्या, की हिशोबातच काही खोट आहे?

तिसरा मुद्दा माझ्या डोक्यात सर्वांत जास्त जाणारा: "मेड आहे ना". सिंगापुरात घरकामासाठी आलेल्या परदेशी बायका तीन लाखांच्या घरात आहेत. इंडोनेशिया, फिलिपीन्स, म्यानमारमधून येतात आणि कित्येक जणी स्वतःची मुलं आईकडे नाहीतर बहिणीकडे ठेवून येतात. तुमचं बाळ त्यांच्या कडेवर वाढतं आणि त्यांचं बाळ फोनच्या पडद्यावर. वर्क परमिटवरच्या बाईने इथे गरोदर राहायचं नाही, ही परमिटची अटच आहे. नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) माणसाशी सरकारच्या परवानगीने लग्न झालेलं असेल तरच सूट. दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी होते, तीत गर्भधारणेचीही चाचणी असते. निकाल 'होय' आला तर परमिट रद्द आणि परतीचं तिकीट.

अनपेक्षित मातृत्व विरुद्ध करिअर, असा विषय हवाय ना? हा घ्या. यात गाणी नाहीत, डोहाळेजेवण नाही, दोन्हीकडचे आईवडील पेढे वाटत नाहीत. दिवाणखान्यात सगळे गौरीसाठी डोळे पुसत असतात आणि स्वयंपाकघरात पावभाजीची कढई घासणारी बाई आपल्या धाकट्याला तीन वर्षांत भेटलेली नसते. तिला कोणी म्हणत नाही, "अगं, मूल आपलं नशीब घेऊन येतं." का म्हणत नाही? कारण तिथे आपल्याला लख्ख कळतं की नशीब परमिटावर छापलेलं असतं. तिच्या बाबतीत हे कळतं, मग घरच्या मुलीच्या बाबतीत एकदम अध्यात्म का सुचतं?

सिंगापूरनेच याचं उत्तर सिनेमात देऊन ठेवलंय. अँथनी चेन यांच्या 'इलो इलो'ला २०१३ मध्ये कान महोत्सवात 'कॅमेरा दॉर' पुरस्कार मिळाला. काळ १९९७ च्या आर्थिक संकटाचा. घरातली आई गरोदर आहे, नोकरी करते, आणि तिचं काम काय, तर ऑफिसातल्या लोकांना काढून टाकल्याची पत्रं टाइप करणं. मुलाला सांभाळायला फिलिपीन्सहून टेरी आली आहे, स्वतःचं मूल मागे ठेवून. आईला टेरीचा आधारही हवा आणि मुलाचा तिच्यावरचा जीव बघून मत्सरही. एका मध्यमवर्गीय घरात दोन आया, दोघींच्या नोकऱ्या टांगणीला, आणि दोघींचं मातृत्व पगाराच्या पाकिटाला बांधलेलं. हेही कौटुंबिक चित्रच. फक्त ते बघताना डोकं बाजूला ठेवता येत नाही, म्हणून आपल्या शनिवारच्या यादीत ते येत नाही.

आणि "मेड ठेवा" म्हणणाऱ्यांना तिचा खर्च तरी ठाऊक असतो का? तिच्या पगाराशिवाय परदेशी कुटुंबाला सरकारकडे महिन्याला ३०० डॉलर लेव्ही भरावी लागते. लहान मुलाच्या नावाने ६० डॉलरची सवलतीची लेव्ही असते ती नागरिकांच्या घरांसाठी.

चौथा मुद्दा, "आजी येईल की". येईल, पण किती दिवस? ईपीवर (एम्प्लॉयमेंट पासवर) असलेल्या माणसाला आईवडिलांसाठी दीर्घ मुदतीचा पास काढायचा तर त्याचा महिन्याचा पगार किमान १२,००० डॉलर लागतो. त्याखाली पगार असेल तर आजी पाहुणी म्हणून येते, साधारण महिनाभर. मुदतवाढ मिळाली तर मिळाली, नाहीतर अळिवाचे लाडू डब्यात भरून ठेवून परत. सिनेमात आजी सोफ्यावर बसून टाळ्या घेते. इथे ती इमिग्रेशनच्या रांगेत परतीचं तिकीट हातात धरून उभी असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला कोणी विचारलंय का? आयुष्यभर बँकेत, शाळेत नाहीतर पोस्टात नोकरी केली, दोन मुलं पाळणाघराच्या मावशींच्या भरवशावर वाढवली, आता कुठे सकाळी चालायला जाऊन मैत्रिणींबरोबर चहा प्यायला मिळतोय. तिचे गुडघे दुखतात, आजोबांची साखर वाढलेली. एका बाईचं करिअर वाचवायला दुसऱ्या बाईचं म्हातारपण फुकटात वापरायचं आणि त्याला संस्कार म्हणायचं, हा उपाय झाला का? ही तर ओझ्याची बदली झाली, एका बाईच्या खांद्यावरून दुसरीच्या.

पाचवा मुद्दा, "करिअर कुठे पळून जातं?" ज्याने कधी पासवर नोकरी केली नाही तोच हे बोलू शकतो. इथे घर, शाळा, बँकेचं खातं, फोनची जोडणी, सगळं एका पासवर उभं असतं. समजा बायको ईपीवर आहे, नवरा आणि बाळ तिच्या नावावर डीपीवर (डिपेंडंट्स पासवर). तिची नोकरी गेली की साधारण तीस दिवसांत तिघांनी सामान बांधायचं. अशा बाईला "नोकरी नंतर बघता येईल" म्हणणं म्हणजे बाळाचं घर नंतर बघता येईल म्हणण्यासारखंच आहे. आता उलट समजा. नवरा ईपीवर, ती डीपीवर. पूर्वी कंपनीने अर्ज केला की संमतिपत्रावर डीपीवाल्या बायकांना नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. किती मराठी इंजिनिअर, सीए, शिक्षिका त्या दिवसापासून घरात बसल्या, ते इथल्या कुठल्याही गणेशोत्सवात स्वयंसेवकांच्या टेबलामागे उभं राहून बघा.

आणि "पाचसहा वर्षं थांबून परत सुरू कर" हा सल्ला तर गणितातच नापास आहे. २०२५ पासून ईपीसाठी किमान पगाराची अट ५,६०० डॉलरवरून सुरू होते आणि वयाबरोबर चढत जाते; पंचेचाळिशीला ती १०,७०० होते, वित्तक्षेत्रात त्याहून जास्त. म्हणजे बत्तिसाव्या वर्षी घरी बसलेल्या बाईने अडतिसाव्या वर्षी परत यायचं, तर मधली सहा वर्षं कोरी असूनही आधीपेक्षा जास्त पगार मिळवून दाखवायचा. पळून जाणारी गोष्ट वय आहे म्हणता ना? इथे वय आणि करिअर एकमेकांचा हात धरून पळतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या दोनशे वर्षांच्या कमाईचा हिशोब मांडल्याबद्दल. आजच्या काळात बाईच्या आणि पुरुषाच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या मुलानंतर रुंदावते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. ज्याला मुलींचा बाऊ म्हणता, त्याला बाकीचं जग अर्थशास्त्र म्हणतं.

आता वळू ज्याचं नाव या सगळ्या चर्चेत कोणीच घेतलेलं नाही त्याच्याकडे. एखाद्या काँडोच्या फंक्शन रूममधलं डोहाळेजेवण डोळ्यांसमोर आणा. फुलांचे दागिने घातलेली मुलगी खुर्चीत, समोर पेढा की बर्फी ओळखायच्या वाट्या. ओटी भरता भरता प्रत्येक बाई तिला विचारते, "मग नोकरीचं काय ठरवलंस?" नवरा चार पावलांवर कागदी बशीतली साबुदाण्याची खिचडी खात उभा आहे. त्याला कोणीही विचारत नाही, "मग, नोकरीचं काय ठरवलंस?" विचारलं असतं तर त्याच्या घशात खिचडी अडकली असती. मूल दोघांचं, दचकायचा हक्क दोघांना, सिनेमाच्या पोस्टरवर दोघांचे चेहरे. आणि उत्तर द्यायची पाळी एकटीची! अनपेक्षित पितृत्व विरुद्ध करिअर, असा हलकाफुलका कौटुंबिक सिनेमा कोणी का काढत नाही? कारण त्यात 'विरुद्ध' आणायलाच जागा नाही. बाप झाल्यामुळे बढती हुकली, अशी तक्रार घेऊन येणारा नायक प्रेक्षकांना खोटा वाटेल.

कायद्यालाही बाप फार उशिरा आठवला. सिंगापुरात १ एप्रिल २०२५ पासून बापाला चार आठवड्यांची पगारी रजा सक्तीने मिळू लागली; तीही मूल नागरिक असेल तर. आपल्या ईपीवाल्या बापाला कायद्याने एक दिवससुद्धा नाही. भारतात केंद्र सरकारच्या नोकराला १५ दिवस, खाजगी नोकरीत कायद्याने शून्य. आईला २६ आठवडे आणि बापाला शून्य, असा कायदा कंपनीच्या मालकाच्या कानात काय सांगतो? बाई घेशील तर सहा महिने पगार भरशील, पुरुष घे. आईची दया करून केलेली रजासुद्धा अशी आईच्याच नोकरीवर उलटते. रजा दोघांना सारखी आणि सक्तीची केली, तरच मालकाची निवड थांबेल. हे बोलायचं सोडून आपण गौरीच्या मनाची तयारी झाली की नाही, याची काळजी वाहत बसतो.

उरला शेवटचा शब्द, "स्वार्थ". मूल नको म्हणणाऱ्या मुलीवर हा शिक्का मारताना आपण मराठी आहोत हे तरी आठवावं. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे मराठीच होते. या कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. आई व्हायचं की नाही हे बाईनेच ठरवायचं, हे त्यांनी खटले अंगावर घेऊन सांगितलं. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' केला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं धाडस आवडतं, समोरच्या सोफ्यावरच्या मुलीचं मात्र खुपतं!

गर्भपाताचा कायदा भारतात १९७१ चा, सिंगापुरात १९६९ मध्ये संमत झालेला. दोन्हीकडे बाईला हा मार्ग पन्नासहून जास्त वर्षं खुला आहे. तरी आपल्या पडद्यावरची नायिका दवाखान्याच्या दारापर्यंत जाते ती मन बदलून परत फिरण्यासाठीच. प्रत्येक सिनेमात वेगळा शेवट हवा, असा माझा हट्ट नाही. पण दरवेळी एकच शेवट दाखवायचा आणि मग त्याच शेवटाचा दाखला खऱ्या मुलीच्या तोंडावर फेकायचा, हे चालणार नाही.

तेव्हा 'मुंबई-पुणे-मुंबई ३' खुशाल लावा, हसा, रडा. सिनेमा संपला की मात्र "तू तयार आहेस का?" हा प्रश्न त्या मुलीला विचारणं बंद करा. आधी तिच्या नवऱ्याला विचारा, तो किती महिने घरी बसणार. तिच्या साहेबाला विचारा, परत आल्यावर तीच खुर्ची देणार का. सरकारला विचारा, मूल इथे जन्मलं तर त्याच्या आईला किती आठवडे पगारी रजा. आजीला विचारा, तिला यायचंय का. घरातल्या मेडला विचारा, तिची मुलं कुठे आहेत. एवढी उत्तरं हातात आली की मग मुलीकडे या. आणि तेव्हाही ती नाही म्हणाली, तर तिचं उत्तर मिळालं असं समजा आणि बडीशेपेची वाटी पुढे सरकवा.